रोझ लव्हेलला मिळालेली चार वर्षं: अमेरिकेतलं कॉलेज सॉकर नेमकं चालतं कसं?

नाशिकहून आत्याचा फोन आला. तिची नात न्यू जर्सीत वाढली आणि आता तिकडच्याच एका विद्यापीठाकडून सॉकर खेळते. नातीने संघाच्या वेबसाइटची लिंक पाठवली होती, आणि आत्याने चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं होतं. "अगं, पोरीच्या नावापुढे 'रेडशर्ट सोफमोर' लिहिलंय. नापास झाली का ती? कुणी मला सांगत नाहीये का?" आवाजात खरी काळजी होती.

नापास वगैरे काही नाही. पहिल्या वर्षी गुडघा दुखावला म्हणून ती एक मोसम बाहेर बसली होती, एवढंच. पण हे सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्या एका शब्दामागे आपल्याला अजिबात सवय नसलेली एक अख्खी व्यवस्था आहे. आपल्याकडे दहावी आली की खेळाचे बूट माळ्यावर जातात. तिकडे खेळ आणि पदवी एकाच छपराखाली नांदतात, आणि देशाचा संघसुद्धा त्याच छपराखालून येतो. त्यात २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत तिथले नियम इतके बदलले की तिकडचे आईबापही गोंधळून गेलेत.

हे समजायला एका खेळाडूचं बोट धरून चाललेलं बरं. मी रोझ लव्हेलला निवडलंय. ती मिडफिल्डर आहे, सुरुवातीपासून तिचा खेळ मला आवडतो, आणि जुन्या व्यवस्थेतली जवळजवळ प्रत्येक पायरी तिच्या कारकिर्दीत सापडते. (अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो वेगळाच खेळ. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात.)

## सिनसिनाटीची मुलगी

रोझचा जन्म १४ मे १९९५ चा, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातला. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल मैदानावर ९०,१८५ प्रेक्षकांसमोर अमेरिकेच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा ती चार वर्षांची होती. तिसरीत असताना आवडत्या व्यक्तीवर लिहून आणायला सांगितलं, तर तिने त्या विजेत्या संघातल्या मिया हॅमवर लिहिलं आणि तिच्यासारखा वेश करून वर्गात गेली. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, अंगकाठी बारीक, पण डाव्या पायात जादू. माउंट नोत्र दाम या मुलींच्या शाळेतून शिकून २०१३ मध्ये ती विस्कॉन्सिन विद्यापीठात दाखल झाली.

विस्कॉन्सिन हे नाव महत्त्वाचं आहे. महिला कॉलेज सॉकरमधलं सगळ्यांत मोठं घराणं नॉर्थ कॅरोलायनाचं. राष्ट्रीय पातळीवरची पहिली स्पर्धा १९८२ मध्ये झाली ती त्यांनीच जिंकली, आणि २०२४ पर्यंत त्यांची २२ विजेतेपदं झाली. मिया हॅमही तिथलीच. विस्कॉन्सिनने ही स्पर्धा कधीच जिंकलेली नाही. १९९१ मध्ये ते अंतिम फेरीत पोचले आणि तिथेही नॉर्थ कॅरोलायनाकडूनच हरले. म्हणजे रोझ गेली ती चांगल्या घरी, पण राजवाड्यात नव्हे. माझ्या मते तिच्यासाठी तेच बरं झालं. मातब्बर संघात पहिल्या वर्षी बाकावर बसावं लागण्याची शक्यता मोठी असते. इथे ती पहिल्या वर्षापासून खेळली.

## मिडफिल्डर म्हणजे पंगतीतला वाढपी

गोल करणारी दिसते, गोल अडवणारी दिसते. मधल्या फळीतली काय करते, हे नवख्या प्रेक्षकाला पटकन कळत नाही.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. चांगला वाढपी हातातल्या भांड्याकडे बघत नाही. त्याची नजर पंगतभर फिरत असते: कुणाचं पान रिकामं होतंय, कुणी हात आडवा केलाय, पुढची फेरी भाताची की जिलबीची. पानावर वाढायला लागतो एक क्षण, सगळी अक्कल त्याआधीच्या नजरेत असते. मिडफिल्डरचंही तसंच. चेंडू पायाशी येण्याआधीच ती दोन-तीनदा मान वळवून बघून घेते, कोण मोकळी आहे आणि कोण अंगावर येतेय ते. चेंडू आल्यावर शोधत बसली तर उशीर झालेला असतो.

या फळीत तीन तऱ्हेच्या खेळाडू असतात आणि त्यांना जुन्या अंकांवरून ओळखतात. 'सहा' म्हणजे बचावाच्या पुढ्यात उभी राहून वाट अडवणारी. 'आठ' म्हणजे या गोलपासून त्या गोलपर्यंत धावणारी. 'दहा' म्हणजे पुढे राहून फट शोधणारी आणि स्वतःही गोल मारणारी. रोझ स्वभावाने दहा नंबरची. चेंडू घेऊन सरळ बचावाच्या अंगावर धावत जाते, समोरचीला एका बाजूला झुकवते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते.

हे काम उशिरा पिकतं, ही गोष्ट पुढच्या सगळ्या लेखासाठी लक्षात ठेवा. वेग सोळाव्या वर्षीही असतो. नजर यायला शेकडो सामने लागतात.

## पण विद्यापीठं खेळावर एवढा खर्च का करतात?

याचं मूळ एका कायद्यात आहे. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यातलं 'टायटल नाइन' हे कलम लागू झालं. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष म्हणून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूळ इंग्रजी वाक्य ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा शब्दच नाही. हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक यांच्यासारख्यांनी ते लावून धरलं तेव्हा मुख्य चिंता प्रवेशाची आणि नोकऱ्यांची होती.

खेळावर परिणाम झाला तो हिशेबामुळे. विद्यापीठांच्या हेल्मेटवाल्या फुटबॉल संघात अवाढव्य भरती असते. बड्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं एकट्या त्या संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या, सगळ्या मुलग्यांना. आता मुलींच्या पारड्यात काय टाकायचं? सॉकर सोयीचा ठरला. एका संघात पंचवीस-तीस मुली मावतात आणि लागतं काय, तर एक मैदान, चेंडू आणि प्रशिक्षक. म्हणून आज अमेरिकेत कॉलेज खेळाच्या तीन श्रेणींपैकी वरच्या श्रेणीत मुलींचे सॉकर संघ सुमारे ३५० आहेत आणि मुलग्यांचे सुमारे २००. जगात दुसरीकडे कुठेही असं चित्र नाही. कायद्याच्या आधी शाळेत खेळणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांच्याही आत होती, ती आता तेहतीस लाखांच्या वर आहे.

रोझच्या आधीच्या पिढ्यांनी ही वाट मळून ठेवली होती. पहिला महिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला. अमेरिकेने तो जिंकला तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते अँसन डोरन्स, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचेच प्रशिक्षक.

## खेळाडूची माहिती वाचायची कशी?

आता आत्याच्या प्रश्नाकडे येते.

फ्रेशमन, सोफमोर, ज्युनिअर, सीनिअर ही चार वर्षांची नावं. आपल्या एफवाय, एसवाय, टीवायसारखीच, फक्त एक वर्ष जास्त. खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार मोसम खेळायला मिळतात. एखादा मोसम ती खेळली नाही, दुखापतीमुळे किंवा प्रशिक्षकाने थांबवलं म्हणून, तर तो मोसम तिच्या खात्यात शिल्लक राहतो. यालाच रेडशर्ट म्हणतात. आपली मुलं 'ड्रॉप घेतला' म्हणतात ना, तसाच हा ड्रॉप, पण खेळापुरता. अभ्यास चालूच असतो. तेव्हा 'रेडशर्ट सोफमोर' म्हणजे वर्गात तिसऱ्या वर्षाला आणि मैदानात दुसऱ्या.

'बिग टेन' हा विद्यापीठांचा एक गट. असे गट आपापसात साखळी सामने खेळतात. नावात दहा असले तरी २०२४ पासून यात अठरा विद्यापीठं आहेत, आणि ती न्यू जर्सीपासून थेट लॉस एंजेलिसपर्यंत पसरली आहेत. गुरुवारी एक सामना, रविवारी दुसरा, मध्ये विमानप्रवास आणि सोमवारी परीक्षा, असं या मुलींचं ऑगस्ट ते नोव्हेंबरचं आयुष्य असतं. नोव्हेंबरात ६४ संघांची राष्ट्रीय बाद फेरी सुरू होते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विजेता ठरतो.

'ऑल-बिग टेन' म्हणजे त्या गटातल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड. 'ऑल-अमेरिकन' म्हणजे तीच निवड देशपातळीवरची. असा संघ खरोखर मैदानात उतरत नाही, तो कागदावरचाच असतो. रोझ पहिल्याच वर्षी बिग टेनची सर्वोत्तम नवी खेळाडू ठरली. शेवटच्या दोन वर्षांत, २०१५ आणि २०१६ मध्ये, गटातली सर्वोत्तम मिडफिल्डर ठरली, आणि ऑल-अमेरिकनही झाली. मधे २०१४ मध्ये कॅनडात २० वर्षांखालील विश्वचषक खेळून आली.

## शिष्यवृत्ती: एक पातेलं, अनेक वाट्या

परदेशातल्या मराठी घरांत एक समज पक्का आहे: मुलगी सॉकर चांगलं खेळते, म्हणजे कॉलेज फुकट. हा समज घेऊन लोक मुलीच्या बाराव्या वर्षापासून दर शनिवार-रविवारी दोनशे मैल गाडी चालवतात आणि क्लबची भरमसाट फी भरतात. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

२०२५ पर्यंत वरच्या श्रेणीतल्या महिला सॉकर संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतका पैसा देता यायचा. संघात मुली तीसच्या आसपास. प्रशिक्षक त्या १४ चे तुकडे करायचे. पातेलं एकच, वाट्या तीस. हुकमी खेळाडूला पूर्ण वाटी, कुणाला अर्धी, कुणाला पुस्तकांपुरती आणि काहींना रिकामी. रिकाम्या वाटीवाल्या म्हणजे 'वॉक-ऑन', स्वतःच्या खर्चाने शिकत खेळणाऱ्या. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन ज्या आयव्ही लीग गटात आहेत तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांतही नाही. आणि वरच्या श्रेणीत खेळायचं तर शाळेत ठरावीक १६ विषय घेऊन त्यांत किमान सरासरी ४ पैकी २.३ राखावी लागते. चांगले गुण असलेल्या मुलीला खेळापेक्षा अभ्यासासाठी जास्त मदत मिळाली, असंही पुष्कळदा होतं.

मग पालकांनी हे सगळं करावं का? खेळाच्या आनंदासाठी करावं. फीच्या हिशेबासाठी नाही.

## कॉलेजचा खेळ कच्चा असतो, असं म्हणतात ते?

हा आक्षेप युरोपातून फार येतो, आणि त्यात तथ्य आहे.

आंतरराष्ट्रीय सामन्यात बाहेर गेलेली खेळाडू परत येऊ शकत नाही. कॉलेजात येऊ शकते. पहिल्या अर्ध्यात बाहेर गेलात तर त्या अर्ध्यापुरतं बाहेर, पण दुसऱ्या अर्ध्यात एकदा परत येता येतं. परिणाम असा की प्रशिक्षक ताज्या दमाच्या मुली लाटेसारख्या आत सोडतात आणि समोरच्यांना सतत पळवतात. पळापळ वाढते, विचार कमी होतो. यात सगळ्यांत जास्त नुकसान मिडफिल्डरचं. ऐंशीव्या मिनिटाला पाय जड झालेले असताना डोकं शांत ठेवून चेंडू कसा राखायचा, हे शिकायचं तर ऐंशी मिनिटं मैदानात असावं लागतं. शिवाय मोसम साडेतीन-चार महिन्यांचा आणि अधिकृत सराव आठवड्याला वीस तासांपुरता बांधलेला. बार्सिलोनाच्या मुली वर्षभर एकाच पद्धतीने खेळत मोठ्या होतात. त्या पद्धतीतून आलेल्या ऐताना बोनमातीसारख्या खेळाडूंच्या जोरावर स्पेनने २०२३ चा विश्वचषक नेला.

तरीही मी कॉलेजच्या बाजूने उभी राहते, आणि त्याचं कारण पैशाशी जोडलेलं आहे. महिलांची पहिली अमेरिकन व्यावसायिक लीग २००१ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये बंद पडली. दुसरी २००९ मध्ये सुरू होऊन तीन मोसमांत आटोपली. आता चालू आहे ती तिसरी, एनडब्ल्यूएसएल. ती २०१३ मध्ये सुरू झाली, म्हणजे रोझ कॉलेजात गेली त्याच वर्षी. लीग येत-जात होत्या आणि विद्यापीठं जागेवर होती. ज्या देशात क्लब उद्या असेल की नाही याची खात्री नव्हती, तिथे मुलीला चार वर्षं मैदान, डॉक्टर, प्रशिक्षक आणि हातात पदवी एवढं सगळं देणारी दुसरी जागा नव्हती.

क्लब बंद पडण्याचा हा अनुभव रोझलाही आलाच.

## ड्राफ्ट नावाचा दरवाजा

गल्लीत क्रिकेटचे संघ कसे पाडायचो आठवतं? दोन कॅप्टन, एकेक करून खेळाडू मागायचे. ड्राफ्ट म्हणजे तेच, व्यावसायिक क्लबांनी कॉलेज संपवणाऱ्या मुली एकेक करून मागायच्या, फक्त आदल्या वर्षी ढेपाळलेल्या संघाला साधारणपणे आधी मागायचा मान, म्हणजे ताकद समान वाटली जाते. गल्लीतल्यासारखंच इथेही मागितल्या जाणाऱ्याला विचारत नाहीत.

जानेवारी २०१७ मध्ये बॉस्टन ब्रेकर्सने रोझला पहिल्या क्रमांकावर निवडलं. मार्चमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती इंग्लंडविरुद्ध अमेरिकेच्या मुख्य संघाकडून पहिला सामना खेळली. मग मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतींनी तिला सतावलं. जानेवारी २०१८ मध्ये बॉस्टनचा क्लबच बंद पडला. बंद क्लबच्या खेळाडूंचा पुन्हा ड्राफ्ट झाला आणि वॉशिंग्टन स्पिरिटने तिला पहिल्या क्रमांकावर उचललं. वर्षभरात दोन शहरं, आणि एकही तिने निवडलेलं नाही. २०१७ मध्ये या लीगमधला किमान पगार वर्षाला १५,००० डॉलर होता. राष्ट्रीय संघातल्या मुलींची सोय निराळी होती, पण बाकीच्यांनी एवढ्यात भागवायचं होतं.

त्यानंतर आला ७ जुलै २०१९, लिऑनमधला विश्वचषकाचा अंतिम सामना. नेदरलँड्सविरुद्ध अमेरिका १-० ने पुढे. एकोणसत्तराव्या मिनिटाला रोझला मधोमध चेंडू मिळाला, ती सरळ बचावाच्या अंगावर धावली, बचाव मागे मागे सरकत गेला, आणि तिने डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडला. २-०. स्पर्धेतल्या तिसऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा कांस्य चेंडू तिला मिळाला. तो गोल पुन्हा बघा. चेंडू घेण्याआधी ती मान वळवते का ते बघा, मारल्याचं नंतर बघा.

ऑगस्ट २०२४ मध्ये एनडब्ल्यूएसएलने खेळाडूंच्या संघटनेशी नवा करार करून ड्राफ्टच रद्द केला. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये असं करणारी ही पहिलीच. आता कॉलेज संपवणारी मुलगी कोणत्याही क्लबशी स्वतः बोलते, स्वतः ठरवते. २०२५ मध्ये किमान पगारही ४८,५०० डॉलर झाला. हे उत्तमच झालं. मुलींना वस्तूसारखं वाटून घ्यायची प्रथा गेली याचं मला मनापासून समाधान आहे.

पण ड्राफ्टसोबत कॉलेजवाटेचा मानही थोडा ओसरला.

## मग कॉलेजला जायचंच कशाला?

२०१९ च्या त्याच विजेत्या संघातल्या मिडफिल्डर बघितल्या तर दोन्ही उत्तरं मिळतात. सॅम म्युइस यूसीएलए विद्यापीठातून आलेली, ज्युली अर्ट्झ सांता क्लारातून, रोझ विस्कॉन्सिनमधून. आणि लिंडसी होरान? तिने २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाची जागा सोडली आणि अठराव्या वर्षी थेट पॅरिस सेंट-जर्मेनशी करार केला. तेव्हा असं कुणी करत नव्हतं.

आता करतात. २०२४ मध्ये न्यू यॉर्क-न्यू जर्सी भागातल्या गोथम क्लबने १३ वर्षांच्या एका मुलीशी करार केला. आणि रोझ त्याच वर्षी त्याच क्लबमध्ये दाखल झाली होती. एकीकडे कॉलेजची चार वर्षं संपवून एकविसाव्या वर्षी व्यावसायिक झालेली, दुसरीकडे तेराव्या वर्षी.

दोन्हींत बरोबर-चूक काढायचं नाही. ज्या मुलीचं शरीर आणि नजर लवकर तयार होते तिने थांबून काय करायचं? पण अशा मुली थोड्या. माझी काळजी बाकीच्यांची आहे. अठराव्या वर्षी बारीक, थोडी मागे असलेली, एकविसाव्या वर्षी उमलणारी मिडफिल्डर कुठे जाईल? कॉलेज तिला वेळ देत होतं. आणि आता कॉलेजातलाही वेळ आखडत चाललाय.

## अठ्ठावीसचा आकडा

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'हाउस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. आत्तापर्यंत विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मनाई होती. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती घेऊन कमवू शकत होते, पण ते बाहेरून. आता तडजोड स्वीकारलेलं विद्यापीठ पहिल्या वर्षी साडेवीस दशलक्ष डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटू शकतं.

सोबत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची आली. महिला सॉकरसाठी २८.

बातमी वाचून बरेच पालक खुश झाले: १४ च्या जागी २८ शिष्यवृत्त्या! तसं नाही. २८ ही आसनसंख्या आहे, तिकिटाची सवलत नाही. विद्यापीठ हवं तर अठ्ठावीस जणींना पूर्ण पैसे देऊ शकतं, तशी सक्ती कुणावर नाही. पूर्वी या एसटीत उभ्याने प्रवास करता येत होता, म्हणजे बत्तीस-पस्तीस मुली संघात असायच्या. आता उभ्याने प्रवास बंद. आधीपासून संघात असलेल्यांना काही सवलती मिळाल्या, पण नव्याने येणाऱ्या वॉक-ऑनसाठी दार अरुंद झालं.

दुसरा बदल याच्या जोडीला. २०१८ पासून 'ट्रान्सफर पोर्टल' नावाची नोंदवही आहे: नाव टाकायचं आणि दुसऱ्या विद्यापीठात जायचं. २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा जाता येतं, आणि लगेच खेळता येतं. खेळाडूला हे स्वातंत्र्य हवंच होतं. पण प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अठ्ठावीस जागा, पुढच्या मोसमात जिंकायचंय. अठरा वर्षांची कच्ची मुलगी घ्याल, की दुसरीकडे तीन मोसम खेळून पिकलेली एकवीस वर्षांची?

आणि पैसे? बहुतेक मोठी विद्यापीठं त्या साडेवीस दशलक्षांतला बराचसा वाटा हेल्मेटवाल्या फुटबॉलला आणि मुलग्यांच्या बास्केटबॉलला देतात. 'कमाई तेच करून देतात' हे त्यांचं उत्तर. मागच्या वर्षांची भरपाई म्हणून ठरलेल्या सुमारे २.८ अब्ज डॉलरचीही तीच गत, म्हणून काही महिला खेळाडूंनी टायटल नाइनच्या आधारे अपील केलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. १९७२ नंतर मुलींचा सॉकर वाढला तो नफा बघून नव्हे, समान हक्काचं कलम होतं म्हणून. कमाईच हिशेबाचं माप ठरलं तर तो पायाच हलतो.

## आपल्याला काय त्याचं?

ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्या मुलींना ८-० ने हरवलं. त्यातला एक गोल मिया भुता या भारतीय वंशाच्या मिडफिल्डरचा होता. उपांत्यपूर्व फेरीत, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानात, तोच अमेरिकन संघ नायजेरियाकडून पेनल्टींवर हरला. सामन्यानंतर त्या अमेरिकन मुली रडत होत्या की नाही ते सोडा, एक गोष्ट नक्की होती: त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना पुढे कुठेतरी कॉलेजचं मैदान मिळणार होतं. आपल्या संघातल्या मुलींना त्या पराभवानंतर परत जायला तसं काही नव्हतं. आठ गोलांचा फरक मला तिथे दिसतो.

रोझ लव्हेल अजून खेळतेय. २०२३ ला लीगच्या अंतिम सामन्यात तिने गोथमविरुद्ध गोल केला होता, तरी तिचा तेव्हाचा सिएटलचा संघ हरला. पुढच्याच वर्षी ती गोथमकडे गेली. त्याच वर्षी पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण. आणि २२ नोव्हेंबर २०२५ रोजी सॅन होजेच्या अंतिम सामन्यात, जुन्याच क्लबविरुद्ध, वॉशिंग्टन स्पिरिटविरुद्ध, सामन्यातला एकमेव गोल तिचा. मिनिट ऐंशीवं. वय तीस.

आत्याला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की रेडशर्टमुळे नातीचा एक मोसम वाया न जाता शिल्लक राहिलाय. हा धरून तीन बाकी आहेत. "म्हणजे गुडघा बरा आहे ना तिचा?" आत्याने विचारलं. बरा आहे म्हटलं. मग रविवारचा सामना आपल्याकडे किती वाजता दिसेल ते तिने माझ्याकडून लिहून घेतलं, रात्री साडेअकरा, आणि दुपारी थोडी झोप काढून ठेवते म्हणाली.